दिवसाचा हिशोब



या महिन्यात परीक्षेच्या दिवसांत मुलांचा अभ्यास कसा घ्यावा, यावर लिहायचे ठरवले होते. दोन पाने लिहूनही झाली होती. पण ती बाजूला ठेवली. इतरांना मुलांशी कसे वागावे हे सांगण्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगणे मला जरुरीचे वाटले. आपले गुनाह चारचौघांत सांगत फिरू नयेत, अल्लाहने झाकले असेल ते झाकलेलेच राहू द्यावे, अशी आपल्याला शिकवण आहे. पण माझी ही चूक चाळीस मुलांसमोर घडली. तेव्हा झाकण्यासारखे त्यात काही उरलेले नाही.

आमचे गाव यंत्रमागांचे. दिवसरात्र खडखड चालू असते. त्या दिवशी सातवीच्या वर्गावर माझा मराठीचा तास होता आणि केंद्रप्रमुख साहेब तपासणीसाठी मागच्या बाकावर येऊन बसले होते. मी धडा शिकवत होते. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा चक्क झोपला होता. वहीवर डोके, तोंड उघडे. मी त्याला उठवले आणि म्हणाले, "काय नवाबसाहेब, रात्रभर मोबाईलवर राज्यकारभार चालला होता वाटतं?" वर्ग हसला. साहेबही हसले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. मी त्याला तास संपेपर्यंत तसेच उभे ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "टीचर, त्याच्या अम्मीला टायफॉइड झालाय. अम्मी कांड्या भरायच्या ना, आता रात्री तोच अब्बांबरोबर कारखान्यात कांड्या भरतो. त्याच्याकडे मोबाईल नाहीच."

मी त्या रात्री इशाची नमाज पढायला उभी राहिले आणि माझे मन एका जागी थांबेना. नमाज माझी कधी चुकत नाही. रोजे पूर्ण होतात. सकाळी तिलावत होते. शेजारणी मला दीनदार बाई म्हणतात. आणि माझ्या जिभेने एका तेरा वर्षांच्या लेकराची चाळीस मुलांत थट्टा केली होती. त्याहून बोचणारी गोष्ट पुढे होती. मी ते का बोलले, हे मी स्वतःला विचारले. शिस्तीसाठी? नाही. साहेबांना माझा वर्गावरचा वचक दिसावा, बाई हजरजबाबी आहेत असे त्यांना वाटावे, म्हणून मी बोलले होते. साहेब मागे बसले नसते, तर मी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बरे वाटत नाही का, असे विचारले असते. मी स्वतःला ओळखते, नक्की विचारले असते.

एका शिक्षकाची बंद झालेली जीभ

त्या आठवड्यात अब्बांच्या कपाटातून 'कीमिया-ए-सआदत'चा उर्दू तर्जुमा काढला. कागद पिवळे पडले आहेत, बांधणी सुटली आहे. अब्बा हयात असताना फजरनंतर दोन पाने वाचत. लहानपणी मला ते पुस्तक फार जड वाटायचे. इमाम गझाली (रह.) म्हणजे कुणीतरी फार मोठे आलिम, एवढेच माहीत होते. ते माझ्यासारखेच शिक्षक होते, याकडे कधी लक्षच गेले नव्हते.

इमाम गझाली यांचा जन्म इ. स. १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. आजच्या इराणमधील मशहद शहराजवळचे हे ठिकाण. चरित्रकार सांगतात की त्यांचे वडील लोकर कातून गुजराण करीत. स्वतः शिकलेले नव्हते, पण आलिमांच्या मजलिसीत जाऊन बसत. मृत्यूसमयी त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन्ही लहान मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले आणि होते नव्हते ते पैसे त्यांच्या शिक्षणासाठी दिले. पैसे संपल्यावर त्या भल्या माणसाने मुलांना सांगितले की आता तुम्ही मदरशात दाखल व्हा, तिथे निदान जेवणाची सोय होईल. म्हणजे एवढ्या मोठ्या इमामाच्या शिक्षणाची सुरुवात पोटाच्या प्रश्नातून झाली. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले अशीच शिकतात.

पुढे नीशापूरला इमाम जुवैनी यांच्याकडे शिकून ते इतके नावारूपाला आले की १०९१ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. वय अवघे तेहतीस. त्या काळी त्याहून मोठे पद शिक्षकाला नव्हते. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. खलीफाच्या दरबारात मान होता.

चार वर्षांनी, १०९५ मध्ये, त्यांच्या आयुष्यात तो प्रसंग आला ज्याचे वर्णन त्यांनी 'अल-मुन्किज मिनद्दलाल' या आत्मकथनपर पुस्तकात स्वतःच केले आहे. आपण शिकवतो ते कशासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर मिळाले ते त्यांना सोसवेना. अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी नव्हे, तर नावासाठी आणि मानासाठी आपण शिकवतो, हे त्यांच्या ध्यानात आले. सोडून जावे तर पद, घर, मानमरातब खेचत होते. राहावे तर आतून आखिरतची आठवण खेचत होती. जवळजवळ सहा महिने ही ओढाताण चालली. शेवटी त्यांची जीभच बंद झाली. विद्यार्थ्यांपुढे बसत, पण तोंडून शब्द फुटत नसे. अन्न पचेनासे झाले. हकीमांनी सांगितले की दुखणे मनाचे आहे, ते तिथूनच उतरेल.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. नियत बिघडली म्हणून त्यांची जीभ बंद पडली. माझी नियत बिघडली होती, तेव्हा माझी जीभ जास्तच चालली होती.

पुढची हकीकत अनेकांना ठाऊक आहे. मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली आणि हजचे निमित्त सांगून बगदाद सोडले. दमास्कसला सुमारे दोन वर्षे राहिले. तिथल्या जामा मशिदीच्या मिनारात दार लावून दिवसभर एकांतात बसत. तिथून बैतुल मुकद्दस, मग अल-खलील येथे ह. इब्राहीम (अलै.) यांची मजार, मग हज. अल-खलील येथे त्यांनी तीन गोष्टींचा अहद केला: राजेरजवाड्यांचा पैसा घेणार नाही, त्यांच्या दरबारात जाणार नाही, आणि वादविवादात पडणार नाही.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. ते घरी परत आले. मुलांच्या ओढीने परत आले, असे ते स्वतःच सांगतात. घरातल्या अडचणी, पोटापाण्याची धावपळ यांमुळे एकांत मनासारखा मिळत नसे, हेही ते लपवत नाहीत. म्हणजे दूध उतू जाणे, मुलाला ताप येणे, पाहुणे दारात येणे हे इमामांच्याही वाट्याला होते. आणि शेवटी, ११०६ मध्ये, ते नीशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवू लागले. लोकांना वाटले, जुनेच काम पुन्हा धरले. त्यांचे म्हणणे वेगळे होते. पूर्वी मी जे शिकवीत होतो त्याने मान मिळवता येत असे, आणि आता जे शिकवतो त्याने मान सोडता येतो, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. खडू-फळा तोच, मुले तशीच. बदलली ती नियत.

व्यापाऱ्याची वही

आत्मजागृती म्हटले की आपल्याला डोंगर, गुहा, जंगल आठवते. घरसंसार असलेल्या माणसाचे ते काम नाही, असे आपण मानतो. इमामांनी मात्र या मार्गासाठी जो दाखला दिला, तो बाजारातला आहे. 'इह्या उलूमुद्दीन' या त्यांच्या चाळीस भागांच्या ग्रंथात अडतिसावा भाग याच विषयावर आहे, आणि 'कीमिया'तही तो सोप्या भाषेत येतो. ते म्हणतात, आयुष्य हे भांडवल आहे आणि नफ्स हा भागीदार आहे. भागीदाराच्या हाती माल देताना शहाणा व्यापारी काय काय करतो? ते सर्व तुम्ही रोज आपल्या नफ्सबरोबर करा. त्यांनी सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. मी त्या माझ्या समजुतीप्रमाणे मांडते.

पहिली मुशारता, म्हणजे अट घालणे. फजरच्या नमाजनंतर थोडा वेळ बसायचे आणि नफ्सला सांगायचे की आजचा दिवस अल्लाहने दिला आहे, तो मिळाला नसता तर एका दिवसासाठी तू किती विनवण्या केल्या असत्या! डोळे, कान, जीभ, पोट, हात, पाय यांनी आज काय करायचे, काय नाही, हे ठरवून घ्यायचे.

दुसरी मुराकबा, म्हणजे नजर ठेवणे. भागीदाराच्या हाती माल देऊन व्यापारी झोपी जात नाही. काम सुरू करण्यापूर्वी एक क्षण थांबून पाहायचे की हे कोणासाठी करते आहे? अल्लाहसाठी, की नफ्सच्या हौसेसाठी? आणि काम चालू असतानाही पाहत राहायचे.

तिसरी मुहासबा, म्हणजे हिशोब. रात्री झोपण्यापूर्वी वही उघडायची. फर्ज हे भांडवल, नफिल हा नफा, गुनाह हा तोटा. सूरह हश्रच्या अठराव्या आयतीत प्रत्येकाने उद्यासाठी आपण काय पाठवले ते पाहावे, असे फर्मावले आहे. इमाम या हिशोबाचा आधार तिथेच दाखवतात. ह. उमर (रजि.) रात्री आज काय केलेस, असे स्वतःलाच विचारीत असत, हेही ते सांगतात.

चौथी मुआकबा, म्हणजे दंड. चूक सापडली तर तिला मोकळे सोडायचे नाही. ह. अबू तल्हा (रजि.) आपल्या बागेत नमाज पढत असताना एका पाखराकडे लक्ष गेले आणि रकाती विसरले. त्यांनी ती बागच सदका करून टाकली. पाचवी मुजाहदा, म्हणजे कष्ट. नेकीत आळस झाला, तर नफ्सवर नेकीचेच थोडे जास्त ओझे टाकायचे. आणि सहावी मुआतबा, म्हणजे स्वतःला समज देत राहणे. कुरआनमध्ये ज्याला नफ्से लव्वामा म्हटले आहे, ते स्वतःला बोल लावणारे मन जागे ठेवायचे.

या भागात एका बुजुर्गाची हकीकत आहे. साठाव्या वर्षी त्यांनी आपल्या आयुष्याचे दिवस मोजले. साडेएकवीस हजार भरले. रोजचा एकच गुनाह धरला तरी साडेएकवीस हजार गुनाह घेऊन मी कसा हजर होऊ, असे म्हणून ते कोसळले. मीही वहीच्या मागच्या पानावर गणित केले. माझे वय पंचेचाळीस. समज येण्यापूर्वीची पंधरा वर्षे वजा केली तरी तीस वर्षांचे जवळजवळ अकरा हजार दिवस होतात. त्यांतली वीस वर्षे मी वर्गात बोलते आहे. रोज एकच टोचणारा शब्द धरला तर किती मुले झाली? ते गणित मी पूर्ण केले नाही.

दंड भरताना

हिशोबात एक खाते असे आहे जे फक्त सजद्यात रडून बंद होत नाही. ते म्हणजे हुकूकुल इबाद, माणसांचे हक्क. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा आहे. माणसाचा हक्क मारला तर आधी त्या माणसाकडे जावे लागते. हे मी मुलांना दीनियातच्या तासाला अनेकदा शिकवले आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले. एक खोली, बाहेर पत्र्याची पडवी. त्याची अम्मी अंगावर चादर घेऊन बसली होती. मला पाहून उठू लागली, "आपा, बसा ना, याने काही केलं का?" आई अशीच असते, दारात शिक्षक दिसला की पोराचीच चूक धरते. मी म्हणाले, "त्याने नाही बहन, मी केलं." मग मुलाकडे वळून म्हणाले, "बेटा, मी तुला न विचारता बोलले. सगळ्यांसमोर बोलले. माझं चुकलं. मला माफ कर." त्याला काय करावे कळेना. त्याने पडवीतली कळशी उचलली आणि पाणी आणायला निघून गेला. त्याची अम्मी डोळे पुसू लागली आणि मला म्हणाली, "आपा, लेकराची माफी मागतात का कुणी?"

मागतात. मागायला हवी. पण घरी मागितलेली माफी पुरेशी नव्हती. अपमान वर्गात झाला होता. सोमवारी तो आला तेव्हा हजेरी घेऊन झाल्यावर मी उभी राहिले आणि वर्गाला सांगितले की त्या दिवशी मी जे बोलले ते खोटे होते आणि वाईटही होते. तो मोबाईल पाहत नव्हता, आपल्या घराला हातभार लावत होता, असे सांगावे असे मनात होते. पण त्याच्या घरची गोष्ट सांगण्याचा हक्क मला नव्हता. म्हणून एवढेच म्हणाले की चूक माझी होती, त्याची नाही. वर्ग शांत होता. हे बोलताना माझे पाय थरथरत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून त्याच्या रात्रीच्या कामाचाही मार्ग काढला. आता एक नातेवाईक बाई कांड्या भरायला जाते आणि तो रात्री झोपतो.

सगळे आनंदीआनंद झाले, असे मी लिहिणार नाही. तो मुलगा कितीतरी दिवस माझ्याकडे पाहत नव्हता. प्रश्न विचारला तर फळ्याकडे पाहून उत्तर द्यायचा. तुटलेला भरोसा शिवणीसारखा असतो, टाका दिसतोच. इमाम गझाली यांनी 'इह्या'च्या पहिल्याच भागात शिक्षकाची आठ कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत पहिले हे की विद्यार्थ्यांना आपल्या पोटच्या मुलांसारखे मानावे. आणि चौथे हे की त्यांची चूक उघडपणे नव्हे, आडून सुचवावी. दटावून नव्हे, मायेने सांगावी. उघड बोलण्याने आदराचा पडदा फाटतो आणि मूल हट्टाला पेटते, असे कारणही त्यांनी दिले आहे. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्राचा पेपर दिला, चांगले गुणही पडले. पण नऊशे वर्षांपूर्वीच्या या शिक्षकाने सांगितलेली गोष्ट कळायला मला वीस वर्षे नोकरी करावी लागली.

आपल्या घरात हे कसे जमेल?

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, सकाळी डबे, दुपारी पाणी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, यात सहा पायऱ्या कधी चढायच्या? मी माझ्यापुरते असे केले आहे. सगळे अवयव एकदम धरले नाहीत. एक धरला, जीभ. फजरनंतर जानमाज घडी करण्यापूर्वी दोन मिनिटे बसते आणि आजची अट ठरवते. आज वर्गात कुणाला टोमणा नाही. आज सासूबाईंच्या बोलण्यावर मध्येच तोडून बोलायचे नाही. आज फोनवर कुणाच्या सुनेची चर्चा निघाली तर विषय बदलायचा. मग पाच नमाजा या पाच थांबे. वुजू करताना तोंडात पाणी घेतले की आठवते, या तोंडातून सकाळपासून काय काय निघाले? रात्री इशानंतर एका साध्या वहीत दोन ओळी. जमले किंवा नाही जमले. का नाही जमले, हे मात्र लिहायचेच, कारण खरी नियत त्या 'का'मध्ये सापडते. दंड म्हणून एका टोमण्याला दहा रुपये सदक्याच्या डब्यात. पहिल्या महिन्यात डब्यात बऱ्यापैकी रक्कम जमली, एवढे सांगते. माझा धाकटा तर रात्री हसून विचारतो, "अम्मी, आज किती झाले?"

दोन गोष्टींची काळजी घ्या. हा हिशोब स्वतःचा असतो. नवऱ्याचा, सुनेचा, शेजारणीचा नव्हे. दुसऱ्याची वही आपण उघडली की मुहासबा संपतो आणि गीबत सुरू होते. आणि दुसरे, निराश होऊ नका. काही जणी स्वतःला इतके बोल लावतात की वसवशात पडतात, नमाजातही मन लागत नाही. इमामांनी अल्लाहच्या भीतीबरोबर त्याच्या रहमतीची आशा एकाच भागात जोडून मांडली आहे, ती उगीच नाही. व्यापारी तोटा लिहितो तो दुकान बंद करण्यासाठी नव्हे, उद्या ते नीट चालावे म्हणून.

इमाम गझाली ११११ मध्ये तूस येथेच अल्लाहला प्यारे झाले, जिथे जन्मले तिथेच. बगदाद, दमास्कस, मक्का, मदीना फिरून ते पुन्हा आपल्या गावी, आपल्या घरी आले होते आणि घराजवळच विद्यार्थ्यांना शिकवीत होते.

मागच्या आठवड्यात निबंधाच्या वह्या तपासत होते. त्या मुलाच्या निबंधाच्या शेवटी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, "टीचर, अम्मी आता बरी आहे." मी त्याला काही बोलले नाही. त्याच्याच ओळीखाली पेन्सिलीने लिहिले, "अल्हम्दुलिल्लाह." त्या रात्री वहीत जमेच्या बाजूला एवढीच नोंद होती.

अल्लाह आपल्या सर्वांच्या जिभांना नरमी देवो, आपला हिशोब सोपा करो, आणि ज्यांची मने आपण दुखावली त्यांच्या दारापर्यंत जाण्याची हिंमत देवो. आमीन.